संत एडमंडाच्या हातीं भाला कोणीं दिला ?

संत हा शब्द उच्चारला कीं आपल्या मनापुढें क्षमेची व सोशिकपणाची मूर्ति उभी राहते. अपकार करणाऱ्यावर उपकार करावा, शिव्याशापांस आशीर्वादानें उत्तर द्यावें, हें संतांचें ब्रीद, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु मध्ययुगांतील युरोपच्या संतकथा चाळूं लागल्यास वाचक क्षणभर गोंधळून जातो. त्या कथांतील कित्येक संत मृत्यूनंतर रागावतात. कबरीस हात लावणाऱ्याचा हात वाळवून टाकतात. देवळाची जमीन बळकावणाऱ्यास वेड लावितात. आणि प्रसंगीं राजाचाही जीव घेतात. जिवंतपणीं ज्यानें आपल्या मारेकऱ्यांवर हात उगारला नाहीं, तो मेल्यावर असा कोपिष्ट कां व्हावा, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस छळीत होता. त्याचें उत्तर शोधावयास इंग्लंडच्या एडमंड राजाच्या चरित्राइतकें सोईचें दुसरें चरित्र आम्हांस आढळलें नाहीं. म्हणून तेंच येथें आमच्या विद्यार्थिमित्रांस थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

इसवी सनाच्या नवव्या शतकांत इंग्लंड हें एकछत्री राज्य नव्हतें. तेथें लहानमोठे राजे आपापल्या मुलुखावर राज्य करीत. पूर्व किनाऱ्यावरील ज्या प्रदेशास आज नॉर्फक व सफक म्हणतात, तेथें ईस्ट अँग्लिया नांवाचें राज्य होतें व एडमंड हा त्याचा राजा होता. इ. स. ८५५ मध्यें, वयाच्या अवघ्या चौदाव्या-पंधराव्या वर्षीं, तो गादीवर बसला असें परंपरा सांगते. त्याच्या कारकीर्दीविषयीं विश्वसनीय माहिती फारच थोडी आहे. त्याच्या नांवाचीं चांदीचीं नाणीं तेवढीं आज पाहावयास सांपडतात. इ. स. ८६५ मध्यें डेन लोकांचें एक प्रचंड सैन्य समुद्र ओलांडून ह्या किनाऱ्यावर उतरलें. हे डेन तेव्हां ख्रिस्ती नव्हते. लोकांनीं त्यांस घोडे देऊन कसाबसा तह केला व तें संकट उत्तरेकडे गेलें. परंतु तें कायमचें टळलें नव्हतें. इ. स. ८६९ च्या हिवाळ्यांत तेंच सैन्य परत आलें व थेटफर्ड येथें तळ देऊन राहिलें. राजा त्यांच्याशीं लढला, डेन जिंकले, राजा मारला गेला व सारा मुलूख त्यांच्या हातीं गेला. जुन्या इंग्रजी बखरींत ह्या घटनेस एवढ्याच दोनतीन ओळी मिळाल्या आहेत. परंपरेप्रमाणें राजाच्या मृत्यूचा दिवस २० नोव्हेंबर हा होय. पुरतीं तीस वर्षेंही न जगलेल्या एका लहानशा राजाची कहाणी येथेंच संपावयाची. पण ती संपली नाहीं.

ह्या घटनेनंतर शंभरांहून अधिक वर्षांनीं, म्हणजे इ. स. ९८५ ते ९८७ ह्या काळांत, फ्रान्समधील फ्लरी मठाचा अबो नांवाचा विद्वान इंग्लंडांत रॅम्से येथील मठांत शिकवीत होता. तेथील साधूंच्या आग्रहावरून त्यानें एडमंडाच्या हौतात्म्याची कथा लॅटिन भाषेंत लिहिली. ही कथा आपण आर्चबिशप डन्स्टन ह्यांच्या मुखांतून ऐकली, असें तो सांगतो. डन्स्टन ह्यांनीं ती आपल्या तरुणपणीं, अथेल्स्टन राजाच्या समोर, एका जख्ख म्हाताऱ्याकडून ऐकली होती. आणि हा म्हातारा त्या शेवटच्या दिवशीं एडमंडाचा शस्त्रवाहक होता. म्हाताऱ्याकडून तरुणाकडे, आणि तो तरुण म्हातारा झाल्यावर पुन्हां दुसऱ्याकडे, अशी ही आठवण चालत आली. वाटेंत तिला पुष्कळ रंग चढला असणार हें उघड आहे. बखरींतला राजा लढून पडला; अबोच्या कथेंतील राजा लढतच नाहीं.

अबो सांगतो कीं, डेनांचा सरदार हिंग्वार ह्यानें राजाकडे दूत पाठविला व खजिन्याचा वांटा देऊन आपला मांडलिक होऊन राहण्याची आज्ञा केली. राजाजवळ एक बिशप होता. त्यानें राजास शरण जाण्याचा किंवा पळून जाण्याचा सल्ला दिला. राजानें दोन्ही गोष्टी नाकारल्या. ज्या प्रजाजनांस त्यांच्या बायकामुलांसह अंथरुणांतच कापून काढिलें, त्यांच्यामागें आपण एकट्यानें जगावें अशी त्याची इच्छा नव्हती. हिंग्वार ख्रिस्ती झाल्यावांचून आपण त्याचें आधिपत्य मान्य करणार नाहीं, असा निरोप त्यानें दूताबरोबर उलट पाठविला. दूत सुखरूप परतला, कारण त्यास मारण्याची संधि असूनही राजानें आपले हात त्याच्या रक्तानें विटाळूं दिले नाहींत. मग डेन वाड्यांत शिरले. पेत्रानें उपसलेली तरवार म्यान करावयास लावणाऱ्या प्रभूची आठवण राजास झाली व त्यानें आपलीं शस्त्रें खालीं टाकून दिलीं.

पुढील वर्णन वाचवत नाहीं. शत्रूंनीं त्यास बांधून दांडक्यांनीं व चाबकांनीं मारलें. मग एका झाडास जखडून त्याच्यावर इतके बाण सोडिले कीं, त्याचें शरीर साळूच्या अंगासारखें दिसूं लागलें. तरीही तो ख्रिस्ताचें नांव घेतच राहिला, तेव्हां त्याचा शिरच्छेद केला. त्यास नीट मूठमाती मिळूं नये म्हणून मस्तक दूर रानांत कांटेरी झुडुपांत फेंकून दिलें. डेन निघून गेल्यावर दडून बसलेली प्रजा बाहेर आली. धड सांपडलें, पण मस्तक सांपडेना. रानांत चुकलेलीं माणसें एकमेकांस हांका मारतात त्याप्रमाणें लोक हांका मारीत फिरूं लागले, आणि राजाचें मस्तक त्यांस ओ देऊं लागलें. त्या आवाजाच्या मागोमाग ते गेले, तों एक मोठा लांडगा आपल्या पुढच्या दोन पायांमध्यें तें मस्तक सांभाळीत बसलेला दिसला. त्यानें भुकेलेला असूनही त्यास तोंड लाविलें नव्हतें. लोक मस्तक घेऊन निघाले तेव्हां तोही एखाद्या पाळीव कुत्र्याप्रमाणें गांवाच्या वेशीपर्यंत आला व मग आपला रानांत परतला.

येथवर ह्या कथेंत सूडाचा मागमूसही नाहीं. ज्या लांडग्यानें फाडून खावें तोच राखण करितो, ह्याहून शांतीचें मोठें चित्र कोणतें असणार ? ही कथा येथें थांबती तर एडमंडास आपण स्तेफनाच्या पंक्तीस बसवून मोकळे झालों असतों.

परंतु पुढें राजाचें शरीर एका लहानशा गांवीं नेण्यांत आलें. तेंच गांव आज बरी सेंट एडमंड्स ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. पेटी उघडली तेव्हां शरीर जसेंच्या तसें होतें, धडमस्तक सांधलें गेलें होतें व मानेभोंवतीं तांबड्या धाग्यासारखी एक रेघ तेवढी राहिली होती, असें अबो लिहितो. समाधीपाशीं लोकांनीं सोनें, चांदी व अलंकार वाहिले, आणि जेथें धन सांठलें तेथें चोर आले. एका रात्रीं आठ चोर देऊळ फोडावयास आले. कोणी शिडी लावून खिडकीशीं चढला, कोणी दाराच्या कोयंड्यावर हातोडा उगारला, कोणी कुदळ घेऊन उंबऱ्याखालीं खणूं लागला. संतानें त्यांस ज्या स्थितींत होते त्याच स्थितींत खिळवून टाकिलें. सकाळीं लोकांनीं पाहिलें तों कुदळवाला वांकलेला व शिडीवरचा शिडीवरच ! बिशप थिओड्रेड ह्यांनीं त्या सर्वांस फांसावर चढविण्याचा हुकूम दिला. परंतु पुढें धर्मग्रंथ वाचतांना, धर्मोपदेशकानें कोणाच्या जिवावर उठूं नये, हें त्यांच्या ध्यानांत आलें. त्यांस मोठा पश्चात्ताप झाला. त्यांनीं स्वतः तीन दिवस उपवास केला व लोकांसही करावयास सांगितलें. आमच्या विद्यार्थ्यांनीं ही बारीकशी गोष्ट नीट पाहावी. संतानें चोरांस केवळ थांबविलें होतें; जीव घेतला तो माणसांनीं, आणि त्याबद्दल रडावें लागलें तेंही माणसांसच.

अबोच्याच ग्रंथांत लिओफ्स्टन नांवाच्या एका श्रीमंत तरुणाचीही हकीकत आहे. संताचें शरीर खरोखरच अभंग आहे काय, हें पाहण्यासाठीं त्यानें दांडगाईनें पेटी उघडविली. त्याला तत्काळ वेड लागलें, बापानें त्यास घराबाहेर काढिलें व शेवटीं अंगांत किडे पडून तो मेला. कराराच्या कोशास हात लावणाऱ्या उज्जाची गोष्ट ज्यांनीं शास्त्रांत वाचली होती, त्यांस हा दंड न्याय्य वाटला असावा. पुढें इ. स. १०९० च्या सुमारास हर्मन नांवाच्या लेखकानें ह्या संताचे आणखी चमत्कार लिहिले. त्यांत ह्याच नांवाचा एक शेरीफ आहे. एक अपराधी ठरलेली स्त्री त्याच्या भयानें संताच्या समाधीपाशीं आश्रयास आली होती. तिला शेरीफानें तेथून ओढून नेण्याचा हुकूम केला, आणि तोही वेडा होऊन मेला. येथें मात्र आमचें मन थोडें डळमळतें. त्या बाईस दुसरा कोणता आधार होता ?

आतां सर्वांत प्रसिद्ध सूडाकडे वळूं. इ. स. १०१३ मध्यें डेन्मार्कचा राजा स्वेन ह्यानें इंग्लंड जिंकलें व इंग्रजांचा राजा एथेलरेड समुद्रापार नॉर्मंडींत पळाला. स्वेननें संताच्या गांवाकडूनही जबर खंडणी मागितली. समाधीचा पुजारी एजल्विन हा दया मागावयास त्याच्याकडे गेला, तेव्हां त्यास हांकून देण्यांत आलें. नंतर लवकरच, ३ फेब्रुवारी १०१४ रोजीं, स्वेन गेन्सबरो येथें अकस्मात् मरण पावला. इतिहासास ठाऊक आहे तें इतकेंच. लोकांनीं मात्र निराळेंच सांगितलें. सशस्त्र एडमंड आपल्या अंगावर चालून येत आहे असें स्वेनला दिसलें. भोंवतालच्या शिपायांस कांहींच दिसेना. तो त्यांस मदतीसाठीं ओरडला. पण संतानें त्यास भाल्यानें भोंसकिलें व तो तळमळत मेला.

आम्हीं ही गोष्ट एकदां वर्गांत सांगितली तेव्हां भाल्याचा प्रसंग येतांच मुलांनीं आनंदानें बाकें वाजविलीं. खरें सांगावयाचें तर आम्हांसही बरें वाटलें. इतक्यांत मागच्या बाकावरील एका मुलानें उठून विचारलें कीं, ह्या राजानें तर शस्त्रें टाकून दिलीं होतीं. मग हा भाला त्याला दिला कोणीं? आम्हीं घड्याळाकडे पाहिलें व तास संपला असें सांगून वेळ मारून नेली. उत्तर आम्हांस सुचलेंच नव्हतें. तें शोधतां शोधतां हा लेख झाला.

पहिलें उत्तर असें कीं, ज्यांच्या हातीं भाला नव्हता त्यांनीं तो दिला. राजा पळून गेलेला, सैन्य मोडलेलें, खंडणी भरतां भरतां घरें रिकामीं झालेलीं, अशा लोकांनीं दाद मागावी कोणापाशीं ? शेरीफाच्या हातून ओढली जाणारी ती बाई दाद मागणार कोणापाशीं ? जगांत न्याय आहे, तो उशिरां कां होईना होतो, ह्या श्रद्धेवांचून मनुष्यास जगतां येत नाहीं. म्हणून दुबळ्यांनीं आपल्या मेलेल्या राजास उठविलें व त्याच्या रिकाम्या हातांत शस्त्र ठेविलें. ह्या कथा रचणाऱ्यांस हंसण्यापूर्वीं आपण त्यांच्या जागीं क्षणभर उभें राहून पाहिलें पाहिजे. सूड घेणें माझ्याकडे आहे असें देवानें सांगितलें आहे, हें त्यांस ठाऊक होतें. त्यांनीं देवाला एक भालाईत मिळवून दिला, एवढेंच.

परंतु दुबळ्यांनीं दिलेला हा भाला पुढें सबळांच्या उपयोगीं पडूं लागला. स्वेनचा पुत्र कॅन्यूट इंग्लंडचा राजा झाला. ज्यानें आपल्या बापास मारलें असें लोक म्हणत, त्याच संताच्या गांवीं त्यानें इ. स. १०२० मध्यें मोठा बेनेडिक्टी मठ वसविला, व तेथील नव्या दगडी मंदिराची प्रतिष्ठापना इ. स. १०३२ मध्यें झाली. इ. स. १०४४ मध्यें एडवर्ड राजानें पश्चिम सफकमधील साडेआठ परगण्यांचा कारभार मठास दिला. एवढ्या मुलुखाचे मालक झालेल्या साधूंस तरवार धरण्याची मनाई होती. त्यांच्या शेतावरील एकएक बांध, एकएक दस्तुरी राखावयास संताचा कोप हाच त्यांचा शिपाई झाला. इ. स. ११५३ मध्यें स्टीफन राजाचा पुत्र यूस्टेस ह्यानें मठाचीं गांवें लुटलीं व त्यानंतर तो लगेच मेला. तेंही एडमंडानेंच केलें असें ठरलें.

ह्यापुढची हकीकत साधु जोसेलिन ह्याच्या बखरींत आली आहे. एसेक्सचा हेन्री हा मोठा सरदार व राजाचा निशाणदार होता. इ. स. ११५७ मध्यें वेल्सच्या स्वारींत त्यानें राजा मेला असें ओरडून निशाण खालीं टाकलें. ह्या भ्याडपणाबद्दल सहा वर्षांनीं त्याच्यावर आरोप आला व त्या काळच्या चालीप्रमाणें निकालासाठीं रीडिंगजवळ थेम्स नदीच्या एका बेटावर द्वंद्वयुद्ध झालें. लढतां लढतां हेन्रीस दिसलें कीं, बेटाच्या कडेस हवेंत एडमंड सशस्त्र उभा असून रागानें मान हालवीत आहे. त्याच्या शेजारीं एक सरदार होता. ह्या सरदारावर हेन्रीच्या बायकोनें, पोटीफराच्या बायकोनें योसेफावर घेतला तसा, खोटा आळ घेतला होता व हेन्रीनें त्यास साखळदंडांत हाल करून मारलें होतें. हेन्रीची हिंमत खचली व तो पडला. मेला असें समजून साधूंनीं त्यास उचलून नेलें. पण तो वांचला आणि रीडिंगच्या मठांत साधु होऊन राहिला.

संताचा रोष कां झाला होता ? हेन्रीनें मठाच्या अधिकारावर अतिक्रमण केलें होतें व वर्षाकाठीं पांच शिलिंगांचें उत्पन्न बुडविलें होतें ! स्वेनच्या वेळीं एका लुटल्या गेलेल्या देशाचें दुःख संताच्या भाल्याच्या टोंकावर होतें. दीडशें वर्षांत त्याच टोंकावर पांच शिलिंग आले. तथापि त्याच दृश्यांत हाल होऊन मेलेला तो निरपराध सरदारही उभा होता, हें आम्ही विसरत नाहीं. आम्हांस तर वाटतें कीं, हेन्रीस जें दिसलें तें त्याचें स्वतःचें मन होतें. दुसऱ्या कोणास न दिसणारा व आपणांस मात्र टाळतां न येणारा असा एक साक्षी प्रत्येकाजवळ असतो.

भीतीनें राखलेली सत्ता भीति आहे तोंवरच टिकते. गांवचे लोक मठाच्या अधिकारास कंटाळले व इ. स. १३२७ मध्यें त्यांनीं मठावर हल्ला करून तो लुटला. इ. स. १३८१ च्या शेतकऱ्यांच्या बंडांत मठाच्या प्रायरचें मस्तक उडविण्यांत आलें. ज्या संताच्या मस्तकाची लांडग्यानें राखण केली, त्याच्याच घरच्या माणसाची ही गत झाली. शेवटीं आठव्या हेन्री राजाचे कामगार इ. स. १५३८ मध्यें आले व त्यांनीं समाधीवरील पांच हजार मार्कांहून अधिक सोनेंरुपें काढून नेलें. पुढील वर्षीं मठच मोडला. ना कोणी खिळून राहिलें, ना कोणास वेड लागलें. संताचें शरीर कोठें गेलें हेंही कोणास सांगतां आलें नाहीं. आज तेथें भग्न भिंती असून त्यांच्याभोंवतीं बाग आहे.

मग एडमंडाचा विजय झालाच नाहीं काय ? झाला, पण तो भाल्यानें नव्हे. त्याच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनीं डेनांचा एक राजा गुथ्रम ह्यानें बाप्तिस्मा घेतला व पुढें एडमंडाच्याच देशावर राज्य केलें. इ. स. ८९० च्या दशकापासून त्याच डेनांच्या राज्यांत चांदीचीं नवीं नाणीं पडूं लागलीं, व त्यांवर छाप होता तो संत एडमंड राजा असा. इ. स. १८४० मध्यें लँकाशरमधील क्यूरडेल येथें नदीकांठीं डेनांनीं पुरलेला एक खजिना सांपडला, त्यांत अशीं सुमारें १८०० नाणीं निघालीं. मनुष्य मारल्यावर पुरतीं तीस वर्षें लोटलीं नाहींत, तोंच मारणाऱ्यांचा मुलूख त्याचें नांव आपल्या पैशावर कोरतो व त्यास संत म्हणतो ! ह्या विजयाची कथा कोणा साधूनें लिहिली नाहीं. ती जमिनींत पडून राहिली.

आमच्या विद्यार्थ्यांस आम्हांस सांगावयाचें तें एवढेंच. अन्याय पाहून राग यावा. ज्यास तो येत नाहीं त्यास आम्ही चांगला म्हणणार नाहीं. परंतु आपला राग दुसऱ्याच्या, विशेषतः देवाच्या व देवमाणसांच्या हातीं देऊन त्यांजकडून सूड घेवविण्याची संवय वाईट. आज तो भाला निराधार बाईसाठीं उगारला जातो, उद्यां पांच शिलिंगांसाठीं. मागच्या बाकावरच्या त्या मुलास उत्तर द्यावयाचें आमच्याकडून राहून गेलें होतें, तें आज देतों. बाळा, तो भाला एडमंडाचा नव्हता, आपला होता. कामगार समाधी फोडीत होते तेव्हां तो गप्प राहिला, आणि त्या मौनांतच वाड्यांत शस्त्रें टाकून उभा राहिलेला तरुण राजा आम्हांस पुन्हां ओळखूं येतो.